जुना चिनी गालिचा वाचायचा कसा: पाठीपासून नक्षीपर्यंत

चिनी गालिचा उलगडला की नजर आधी नक्षीवर जाते. मधला गोल, त्याच्याभोवती वटवाघळं, कोपऱ्यातली फुलं, लाटांवर उठलेला ड्रॅगन. नवखा माणूस तिथेच फसतो. चीनमधल्या विणकरांनी हीच मंगलचिन्हं पिढ्यान्‌पिढ्या विणली, आणि 1980 च्या दशकातल्या निर्यातीच्या मालावरही तीच होती. नक्षी वाचली की गालिचा काय इच्छितो ते समजतं. तो कधी विणला हे मात्र पाठ, सूत आणि रंग सांगतात. म्हणून गालिचा आधी उलटा करायचा. नक्षीकडे शेवटी यायचं, पण तिथे पोटभर रमायचं, कारण चिनी गालिच्याची खरी गोडी तिथेच आहे.

हाताशी काय हवं

मोजपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, 365 नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च, पांढरा धुतलेला सुती रुमाल, थोडा कापूस, डिस्टिल्ड वॉटर आणि वही. उजेड दिवसाचा असावा, पण थेट ऊन नको. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली निळ्या रंगाच्या तीन छटा एकच दिसतात आणि फिकट पिवळा थेट सोनेरी भासतो.

पहिली पायरी: पाठ

गालिच्याचा एक कोपरा उलटा करा. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. चिनी गालिच्यात हे दोन्ही बहुतेक वेळा सुती असतात आणि वरची लव लोकरीची. प्रत्येक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांवर बसते. जुन्या, सैल विणीच्या गालिच्यात हे दोन धागे एका पातळीत असतात, त्यामुळे एका गाठीचे पाठीवर दोन उंचवटे दिसतात. तियानजिन या बंदरशहरातल्या घट्ट विणीत एक धागा मागे दबलेला असतो आणि उंचवटा एकच दिसतो. हा फरक ध्यानात न घेता मोजलं तर आकडा दुप्पट येतो. गोंधळ टाळायचा असेल तर नक्षीतला एकट्या गाठीचा ठिपका शोधा आणि तो पाठीवर कसा दिसतो ते पाहून मग मोजायला लागा.

एक इंच आडवं आणि एक इंच उभं मोजून गुणाकार करा. हे निदान चार-पाच जागी करा, कारण हातविणीत घनता सगळीकडे सारखी नसते. वायव्य चीनमधल्या निंगश्याच्या जुन्या गालिच्यांत चौरस इंचाला साधारण 25 ते 50 गाठी मिळतात. इराणी गालिच्यांची सवय असलेल्याला हा आकडा ऐकून माल हलका वाटतो. पण चिनी विणकराला बारीक वेलबुट्टी भरायचीच नव्हती. मोकळ्या पार्श्वभूमीवर मोठी, सुटी चिन्हं ठेवायची, तर तेवढी वीण पुरते, आणि तेवढ्याच विणीत ती मऊ लोकर पायाखाली दबते आणि पुन्हा उठते. गाठी मोजायच्या त्या घराणं, म्हणजे गालिचा कुठल्या भागातला, ते ओळखायला. त्यावरून दर्जा ठरवू नका.

तियानजिनच्या मालाचं माप वेगळं असतं: एका फुटात आडव्या किती गाठी, त्यावर 70 लाइन, 90 लाइन, 120 लाइन अशी नावं. उभ्या गाठीही तेवढ्याच धरल्या तर 90 लाइन म्हणजे 90 गुणिले 90, भागिले 144, म्हणजे चौरस इंचाला सुमारे 56 गाठी. 70 लाइनला 34 येतात, 120 लाइनला 100. विक्रेता ‘नाइंटी लाइन’ म्हणाला आणि वय दीडशे वर्षं सांगितलं, तर सावध व्हा. ही कारखान्यांची, विसाव्या शतकातल्या निर्यातीची भाषा आहे.

आता ताण्याचं सूत भिंगाखाली धरा, झालरीचं टोक सोयीचं पडतं. हाताने कातलेल्या सुतात जाडबारीकपणा असतो, पीळ कुठे घट्ट तर कुठे सैल. गिरणीचं सूत शेवटपर्यंत एकसारखं असतं. संपूर्ण ताणा गिरणीच्या सुताचा असेल तर गालिचा बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. आतल्या प्रांतांत हातसूत नंतरही बराच काळ वापरात होतं.

शेवटी कान लावा. लवीची बाजू वर ठेवून गालिचा हलक्या हाताने थोडा वाकवा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला तर आतलं सूत कुजलंय. ओलीत राहिलेल्या गालिच्याचं हे ठरलेलं दुखणं आहे, आणि मुंबई-कोकणाच्या हवेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या गालिच्याची ही तपासणी सगळ्यांत आधी करा. लव कितीही देखणी असो, पाया गेला की दुरुस्ती टिकत नाही. आवाज आला की थांबायचं, पुन्हा वाकवून खात्री करायची नाही.

दुसरी पायरी: रंग

लव बोटांनी फाकवा आणि मुळापासून टोकापर्यंत रंग पाहा. नैसर्गिक रंग उन्हाने उडतो तेव्हा मुळाकडे गडद, टोकाकडे फिका, असा हळूहळू उतरतो. सुरुवातीच्या रासायनिक रंगांत हा बदल बरेचदा एकदम दिसतो: पाठीवर भडक जांभळा किंवा गुलाबी, समोर राखाडी. पहिला रासायनिक रंग 1856 मध्ये निघाला आणि असे रंग चिनी गालिच्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी शिरले. एकच असा धागा सापडला आणि तो नंतरच्या दुरुस्तीतला नसेल, तर अठराव्या शतकाचा दावा तिथेच संपतो.

नीळ सगळ्यांत टिकाऊ. म्हणून जुन्या गालिच्यांत निळ्याच्या दोन-तीन छटा आजही ताज्या दिसतात. पिवळा बहुधा पॅगोडा वृक्षाच्या कळ्यांचा. लाल मात्र दगा देतो. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा लाल सुरुवातीला झळाळता असतो, पण उजेडात उतरत उतरत जर्दाळू, मग बदामी होतो. पेइचिंगच्या (बीजिंगच्या) राजवाड्यासाठी मिंग राजवटीत (1368–1644) विणलेले ड्रॅगनचे गालिचे आज सोनेरी-पिवळे दिसतात आणि बघणारा म्हणतो, पिवळा म्हणजे सम्राटाचा रंग. त्यांची जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, मुळात लाल होती. जुना बदामी किंवा फिका केशरी गालिचा समोर आला की गाठीच्या मुळाशी लाल उरलाय का ते आधी शोधा. सापडला तर त्या गालिच्याची मूळ रंगसंगती मनात पुन्हा उभी करावी लागते. लालावर निळा आणि पिवळा, म्हणजे आज दिसतो त्यापेक्षा कितीतरी तेजस्वी.

तपकिरी रंगाची तऱ्हा निराळी. तो लोहयुक्त द्रव्याने पक्का केलेला असतो आणि लोह लोकर हळूहळू खातं. त्यामुळे तपकिरी भाग झिजून खाली बसतो आणि शेजारची निळी फुलं उठावात येतात. हे वयाचं चांगलं लक्षण आहे, म्हणूनच त्याची नक्कल होते. खऱ्या झिजेत लवीची टोकं कमीजास्त उंचीची, ठिसूळ असतात. कात्रीने कापलेल्या नकलेत ती सरळ, बोथट आणि एका पातळीत दिसतात.

रंग सुटतो का, हे प्रत्येक रंगावर वेगवेगळं पाहा. कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळा, मिनिटभर दाबून धरा, मग बोळा बघा. लाल किंवा काळा उतरला तर घरी पाणी लावण्याचा विचार सोडा. बोळ्यावर सगळीकडून सारखाच तांबूस डाग आला तर गालिचा चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला असू शकतो; अशा वेळी झालरही एकसारखी तांबूस दिसते. खरी झालर जिथे हाताळली जाते तिथे जास्त मळलेली असते.

यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत फिरवा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुतात शुभ्रतेसाठी घातलेली द्रव्यं निळसर पांढरी चमकतात. जुन्या पाठीवर असा एखादाच तुकडा चमकला तर ती नवी दुरुस्ती. सगळा ताणाच चमकला तर गालिचाच नवा.

तिसरी पायरी: आकार आणि वापर

उत्तर चीनच्या घरात बैठक जमिनीवर नसून ‘कांग’ म्हणजे खालून तापवलेल्या विटांच्या ओट्यावर असे. त्यावर अंथरायचे ते कांगचे गालिचे. खुर्चीच्या बैठकीसाठी छोटे चौकोन, पाठीसाठी वरून महिरपीसारखे कापलेले तुकडे, घोड्याच्या खोगिरासाठी दोन अर्धे जोडून केलेली गादी. ओळीने चौकोन असलेली लांब पट्टी दिसली तर ती मठातल्या भिक्षूंच्या बैठकीची. एक चौकोन एका भिक्षूचा, आणि अशा पट्ट्या पुढे कापून सुटे चौकोन म्हणून विकल्या गेल्या आहेत. म्हणून चौकोनी आसनाच्या चारही कडा तपासा. एखाद्या बाजूला काठाची नक्षी मध्येच तुटली असेल तर ते मूळचं आसन नव्हे.

सगळ्यांत विलक्षण प्रकार खांबाच्या गालिच्याचा. तिबेट आणि मंगोलियातल्या मठांतल्या लाकडी खांबांना गुंडाळायला हे विणले जात. जमिनीवर पसरला तर ड्रॅगनचं अंग दोन्ही कडांना कापलेलं, विस्कळीत दिसतं. खांबाभोवती कडा जुळल्या की ड्रॅगन विळखा घालून वर चढतो. खाली डोंगर आणि लाटा, वर अक्राळविक्राळ मुखं आणि त्यांच्या तोंडातून लोंबणारे रत्नहार. हेमाडपंती देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख पाहिलेल्याला ही मुखं ओळखायला वेळ लागू नये. तिबेटी बौद्ध परंपरेतून आलेलं तेच कुळ आहे. दोन्ही लांब बाजूंना काठ नसणं ही खांबाच्या गालिच्याची खूण. काठ कापलाय असं समजून त्याला कमी लेखू नका.

चौथी पायरी: घराणं

निंगश्या, बाओतोउ, स्वेयुआन, गान्सू, पेइचिंग, तियानजिन ही नावं बाजारात सर्रास ऐकू येतील. ती मुख्यतः व्यापाराची नावं आहेत. एका गावचा माल दुसऱ्या गावच्या बाजारातून विकला जाई आणि त्याच गावाचं नाव त्याला चिकटे. तरीही ढोबळ ओळख उपयोगी पडते.

निंगश्याची वीण सैल, लोकर मऊ आणि चमकदार, जमीन पिवळी किंवा जर्दाळू. 1697 मध्ये सम्राट कांगशी मोहिमेवर असताना निंगश्याला थांबला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला गालिचे भेट दिले. सोबत असलेल्या जेर्बियाँ या जेझुइट पाद्र्याने ते लिहून ठेवलंय, त्यामुळे तिथल्या विणकामाला लेखी आधार आहे. बाओतोउचे नग छोटे, वीण जास्त दाट, गडद निळं आणि चित्रमय: हरीण, करकोचे, देवदार, डोंगर. पेइचिंगचे निळे-पांढरे गालिचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे.

तियानजिनचा बहर 1920 च्या दशकातला. पहिल्या महायुद्धात तुर्की आणि इराणी माल अमेरिकेला मिळेनासा झाला आणि मागणी चीनकडे वळली. अमेरिकी कारखानदार वॉल्टर निकोल्सच्या कारखान्यांचे जाड, रसायनात धुऊन चमकवलेले गालिचे याच काळातले. जांभळी, हिरवी किंवा गुलाबी सपाट जमीन आणि एखाद्या कोपऱ्यातून तिरका झेपावणारा फुलांचा फाटा. नक्षीच्या कडेने लव तिरकी कातरून उठाव आणणं हेही मुख्यतः विसाव्या शतकातलं काम. हे गालिचे वेगळ्या सौंदर्यदृष्टीचे, स्वतःच्या जागी फार उत्तम आहेत. ते छिंग राजवटीच्या काळाचे (1644–1912) म्हणून विकले जातात तेव्हाच खोटे ठरतात.

पाचवी पायरी: नक्षी वाचणं

आधी मांडणी बघा. मध्यभागी गोल किंवा पाच गोल, चार कोपरे, सभोवती मोकळी जमीन, मग काठ. मोकळी जागा नक्षीचाच भाग आहे. जुन्या चांगल्या गालिच्यात चिन्हं श्वास घेतात. उशिराच्या बाजारू मालात प्रत्येक रिकामी जागा फुलांनी भरलेली असते.

मग चिन्हं. यातली बरीचशी उच्चारातल्या साम्यावर उभी आहेत, म्हणून चित्राचं नाव चिनीत उच्चारल्याशिवाय अर्थ लागत नाही. वटवाघूळ म्हणजे ‘फू’ आणि सौभाग्यही ‘फू’. आपल्याकडे घरात वटवाघूळ शिरलं की अपशकुन मानतात, तिथे लाल वटवाघूळ म्हणजे अपार भाग्य. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सद्गुणांची आवड आणि आयुष्य पुरं करून आलेला शांत मृत्यू. बहुधा ती ‘शौ’ म्हणजे दीर्घायुष्याच्या गोल अक्षराभोवती फिरताना दिसतात. हरीण ‘लू’, म्हणजे सरकारी पदाचं वेतन. मासा ‘यू’, म्हणजे शिल्लक, आणि कमळ ‘ल्येन’, म्हणजे सलग. मासा आणि कमळ शेजारी आले की वाक्य झालं: वर्षामागून वर्ष घरात उरून पुरो. फुलदाणी ‘पिंग’, म्हणजे शांतता. मांजर आणि फुलपाखरू एकत्र दिसलं तर नव्वदीपर्यंत जगण्याचा आशीर्वाद. पीच, डाळिंब आणि बोटांसारख्या फाकांचं ‘बुद्धहस्त’ लिंबू हे त्रिकूट म्हणजे आयुष्य, संतती आणि सुख यांची भरभराट.

एकेक चिन्ह वहीत लिहून अर्थ लावायची सवय लागली तर पुढे जोड्या वाचा. गालिचा सुट्या शब्दांचा नसतो, त्यात वाक्यं असतात, आणि त्यांवरून तो कुणासाठी होता याचा अंदाज येतो. जोडआनंदाचं अक्षर लग्नाच्या खोलीतलं. सप्ततार वाद्य, सोंगट्यांचा पट, पुस्तकं आणि चित्रांच्या गुंडाळ्या या चार कला विद्वानाच्या अभ्यासिकेतल्या. पंखा, भोपळा, तलवार, बासरी, फुलांची परडी ही ताओ पंथाच्या अष्ट अमरांची आयुधं. आणि शंख, चक्र, छत्र, ध्वज, कमळ, कलश, मत्स्ययुगल, श्रीवत्सासारखी अनंत गाठ हे बौद्ध अष्टमंगल, जे आपल्याला अनोळखी नाही. स्वस्तिकही ओळखीचा, पण तिथे त्याचा उच्चार ‘वान’, म्हणजे दहा हजार. काठावर स्वस्तिकांची अखंड साखळी असेल तर आतल्या मजकुराला दहा हजारपट केलं असं समजायचं. डावं-उजवं वळण दोन्ही दिसतं, त्यावरून वाद घालू नये.

ज्यांच्या घरी पारशी गारा साडी पाहिली असेल त्यांना ही भाषा अर्धी येते. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांच्या चीनशी चाललेल्या व्यापारातून ते भरतकाम आलं, आणि त्यातले करकोचे, पियोनीची फुलं, फुलपाखरं याच शब्दकोशातली आहेत.

ड्रॅगनबद्दल जपून. पाच नखं सम्राटाची, हा नियम पुस्तकी खरा असला तरी छिंग काळाच्या अखेरीस तो पाळला जात नव्हता, आणि निर्यातीच्या मालात तर नखं हवी तशी विणली. रेशमी आणि जरीच्या काही गालिच्यांच्या वरच्या काठावर राजवाड्यातल्या दालनाचं नाव विणलेलं असतं. असे बरेच गालिचे एकोणिसाव्या शतकाचा शेवट ते विसाव्याची सुरुवात या काळातले आहेत. नावामुळे किंमत चढवून सांगितली तर पहिल्या दोन पायऱ्यांवर परत या.

काठ झटपट पाहून होतो: मोत्यांची माळ, इंग्रजी टी अक्षरासारखी घडी, चौकोनी वळणांची साखळी, फुलांचा वेल. चारही कोपऱ्यांत काठ कसा वळतो तेवढं बघा. कसबी विणकर ते जुळवतो, पण खेड्यातल्या जुन्या मालात वळण फसलेलं असणं हा दोष मानत नाहीत.

घरी आणल्यावर

पहिलं काम म्हणजे वेगळा ठेवणं. कसर असेल तर ती घरातल्या इतर लोकरीत जाते. पाठीमागे, काठाखाली आणि फर्निचरखाली दबलेल्या जागी बारीक जाळी, वाळूसारखे कण किंवा लवीतली खाल्लेली वाट शोधा. छोटं आसन असेल तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं. मोठ्या गालिच्यासाठी वस्त्रसंवर्धकाकडे जा. डांबराच्या गोळ्या थेट लवीवर ठेवू नयेत. कडुलिंबाच्या पाल्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, कसरीच्या अळ्या त्याला जुमानत नाहीत.

व्हॅक्यूम क्लीनर फिरता ब्रश काढून, कमी ओढीवर, लवीच्या दिशेने चालवा. हात फिरवल्यावर जिकडे मऊ लागतं ती दिशा. झालर टाळा. झटकणं आणि काठीने बडवणं पूर्ण बंद. जुनं सूत तिथेच तुटतं. पावसाळ्यात आर्द्रता 65 टक्क्यांवर राहत असेल तर गालिचा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, डीह्युमिडिफायर लावा.

ठेवायचा असेल तर घडी घालू नका. निदान 10 सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर आम्लविरहित कागद गुंडाळा, लवीची बाजू बाहेर ठेवून लवीच्या दिशेने गालिचा गुंडाळा, वरून धुतलेलं मांजरपाट बांधा. दीर्घकाळ प्लास्टिकमध्ये ठेवलात तर आत घाम धरून बुरशी येते. दर तीन महिन्यांनी उघडून बघा.

खरेदी करताना पावतीवर मापं, गाठींची संख्या, दुरुस्त्या आणि विक्रेत्याने सांगितलेलं वय लिहून घ्या, पाठीचे आणि चार कोपऱ्यांचे फोटो काढा. चीनमधून 1911 पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे थेट तिथून आलेला जुना माल म्हटला की कागद मागा. भारतात 100 वर्षांहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो. परदेशातल्या मुलाकडे गालिचा पाठवायचा विचार असेल, तर बांधाबांध करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.